पामतेलाचा तुटवडा आणि पाम कंपन्यांचे शेअर : खरे मोल कसे काढायचे?

मार्च २०२२ मध्ये क्वालालंपूरच्या वायदे बाजारात कच्च्या पामतेलाचा भाव टनाला ७,००० रिंगिटच्या वर गेला. तोवरचा हा उच्चांक होता. त्याच वर्षी सप्टेंबर संपता संपता तो ३,५०० च्या खाली आला होता. सहा-सात महिन्यांत भाव निम्म्याहून कमी! मार्चमध्ये "तेलाचा तुटवडा आहे, पामवाल्यांचे शेअर उचला" हे ऐकून ज्यांनी पैसे घातले, त्यांना सप्टेंबरमध्ये कळेना की नेमके बिघडले काय. कंपनी तीच, झाडे तीच, ताळेबंदात नफाही भरघोस. मग शेअर का पडला?

उत्तर सोपे आहे, पण त्यासाठी थोडा हिशोब करावा लागतो. जगातले सुमारे ८५ टक्के पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतून येते आणि सर्वात मोठा आयातदार आपला भारत आहे. वर्षाला साधारण ७५ लाख ते १ कोटी टन पामतेल आपण बाहेरून आणतो. फरसाणाच्या कढईत तेच, बेकरीच्या खारी-बिस्किटात तेच, साबणातही तेच. त्यामुळे भाव वाढला की आपल्याकडे लगेच समजते आणि पाठोपाठ शेअरच्या टिप्सही फिरू लागतात. हा लेख शेअर घ्या किंवा घेऊ नका असे सांगण्यासाठी नाही. पाम कंपनीचे मोल मोजतात कसे आणि तुटवड्याच्या काळात ती मोजणी कुठे फसते, एवढेच इथे बघायचे आहे.

आधी विचारा, तुटवडा कोणाच्या बागेत आहे?

"माल कमी, म्हणून भाव जास्त, म्हणून नफा जास्त" हे वाक्य कानाला बरोबर वाटते. पण कमी झालेला माल कोणाचा, हे त्यात सांगितलेलेच नाही. तो जर आपल्याच कंपनीचा असेल तर चित्र बदलते.

२०१५-१६ च्या एल निनोचे उदाहरण घ्या. दुष्काळामुळे मलेशियाचे उत्पादन २०१५ मधील १९९.६ लाख टनांवरून २०१६ मध्ये १७३.२ लाख टनांवर आले, म्हणजे १३ टक्के घट. सरासरी भाव सुमारे २,१५० वरून २,६५० रिंगिटवर गेला, म्हणजे २३ टक्के वाढ. आता गुणाकार करा. माल ०.८७ पट, भाव १.२३ पट, हातात येणारी एकूण रक्कम जेमतेम ७ टक्के जास्त. ही झाली देशाची सरासरी. ज्या कंपनीच्या बागा जास्त होरपळल्या आणि जिचे उत्पादन २० टक्के घटले, तिच्याकडे भाव वाढूनही आधीपेक्षा थोडे कमीच पैसे आले. खर्च मात्र तेवढाच राहिला.

दुष्काळाची आणखी एक खोड आहे. पामच्या झाडावर त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. आज जो घड तोडला जातो, त्याचे फूल नर होणार की मादी हे सुमारे दोन वर्षे आधी ठरलेले असते. पाण्याचा ताण पडला की नर फुले वाढतात आणि नर फुलाला फळ धरत नाही. त्यामुळे उत्पादनातली घट सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत उशिराने येते. बाजार मात्र दुष्काळाची बातमी आली त्याच दिवशी भाव चढवतो. कंपनीला सुरुवातीच्या दोन-तीन तिमाहींत भावही चांगला मिळतो आणि मालही पूर्ण असतो. त्या तिमाहींचा नफा बघून शेअर घेणाऱ्याच्या वाट्याला पुढच्या कमी मालाच्या तिमाही येतात.

२०२० ते २०२२ चा तुटवडा वेगळा होता. पाऊस व्यवस्थित होता, फळही झाडाला लागले होते, पण तोडायला माणूस नव्हता. मलेशियाच्या पाम बागांतले बहुतेक मजूर इंडोनेशिया, बांगलादेश अशा देशांतले. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सीमा बंद झाल्या, जुने मजूर करार संपवून गावी गेले आणि नवे येऊ शकले नाहीत. आपल्याकडे ऊसतोड कामगार वेळेवर आला नाही तर फडाचे काय होते, ते मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. पामचे त्याहून नाजूक. घड साधारण दहा ते चौदा दिवसांच्या फेरीने तोडावे लागतात आणि तोडल्यावर २४ तासांच्या आत गिरणीत न्यावे लागतात, नाहीतर तेल आंबट होते. फेरी लांबली की पिकलेली फळे गळून जमिनीवर पडतात आणि वाया जातात. मलेशियाचे उत्पादन २०१९ च्या सुमारे १९८ लाख टनांवरून २०२१ मध्ये १८१ लाख टनांवर आले. पण सरासरी भाव २०१९ मध्ये सुमारे २,०८० रिंगिट होता, तो २०२१ मध्ये ४,४०० झाला. माल ९ टक्के कमी आणि भाव दुपटीहून जास्त, त्यामुळे कंपन्यांची चांदी झाली. तरीसुद्धा त्या वर्षी बहुतेक पाम कंपन्यांचे शेअर तेलाच्या भावाच्या मानाने फार वाढले नाहीत. हा नफा कायमचा नाही, हे बाजारातले जाणकार ओळखून होते.

तिसरा प्रकार दुसऱ्याच्या घरातल्या तुटवड्याचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झाले आणि युक्रेनचे सूर्यफूल तेल बाजारातून जवळजवळ गायब झाले. पामच्या झाडाला काहीच झाले नव्हते, पण भाव आकाशाला भिडला. मळेवाल्यासाठी याहून चांगला तुटवडा नाही.

चौथा प्रकार सरकारी. घरातल्या बाजारात तेल महागले म्हणून इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ पासून पामतेलाची निर्यातच बंद केली. २३ मे रोजी ती पुन्हा सुरू झाली, पण तेवढ्यात देशातल्या टाक्या भरून गेल्या, गिरण्यांनी फळ घेणे थांबवले आणि लहान शेतकऱ्यांच्या घडांचा भाव कोसळला. जगात तुटवडा असताना इंडोनेशियातल्या कंपनीकडे माल पडून होता. शेजारच्या मलेशियातल्या कंपनीला मात्र त्या चार आठवड्यांत गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. दोन्हीकडे "पाम शेअर"च, पण एकाच बातमीचा अर्थ दोघांना अगदी उलटा.

झाडांचे वय हा खरा ताळेबंद

पामचे झाड लावल्यावर अडीच-तीन वर्षांनी पहिले फळ देते. साधारण आठव्या ते अठराव्या वर्षापर्यंत ते भरात असते. मग उत्पन्न हळूहळू उतरते आणि झाड इतके उंच होते की लांब बांबूच्या टोकाला कोयता बांधूनही घड काढणे अवघड जाते. पंचविशीच्या आसपास ते पाडून नवे लावावे लागते.

यातून एक साधा हिशोब निघतो. झाडाचे आयुष्य २५ वर्षे, तर बागेचा २५ वा भाग, म्हणजे दरवर्षी सुमारे ४ टक्के क्षेत्र, नव्याने लावले गेले पाहिजे. कंपनीच्या वार्षिक अहवालात झाडांच्या वयाचा तक्ता असतो. त्यात शेअरच्या भावाइतकीच महत्त्वाची माहिती आहे, पण तो तक्ता फार थोडे लोक उघडतात. भाव चढे असताना कंपनीला जुनी झाडे पाडण्याचा मोह होत नाही. पाडले की तीन वर्षे उत्पन्न शून्य, वर खर्च. "अजून एक वर्ष काढू" असे करत पुनर्लागवड पुढे ढकलली जाते. त्या वर्षांचा नफा छान दिसतो, पण तो पुढच्या वर्षांच्या खिशातून काढलेला असतो. म्हणून सलग चार-पाच वर्षे पुनर्लागवड २ टक्क्यांच्या खाली दिसली, तर दाखवलेल्या नफ्यातून मनातल्या मनात काहीतरी वजा करावे.

याचे सर्वात मोठे उदाहरण म्हणजे मलेशियाची फेल्डा ग्लोबल व्हेंचर्स, म्हणजेच एफजीव्ही. फेल्डा ही १९५६ साली भूमिहीन कुटुंबांना जमीन देऊन वसवण्यासाठी निघालेली सरकारी संस्था. तिची ही कंपनी जून २०१२ मध्ये शेअर बाजारात आली, ४.५५ रिंगिटला एक शेअर. त्या वर्षी तोवर फेसबुकनंतर जगातली सर्वात मोठी शेअरविक्री हीच होती. क्षेत्र प्रचंड, साडेतीन लाख हेक्टरच्या आसपास. हेक्टरमागे किंमत काढली तर स्वस्त वाटावी अशी. पण सुमारे निम्मी झाडे विशीच्या पुढची होती. शिवाय जमीन कंपनीच्या मालकीची नव्हती. ती फेल्डाकडून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेली, वर्षाला जवळपास २५ कोटी रिंगिट ठरलेले भाडे, वर त्या जमिनीवरच्या नफ्यातला १५ टक्के वाटा. म्हणजे ज्याला आपण "हेक्टर" म्हणून मोजत होतो ते म्हातारे झाड होते आणि भाड्याची जमीन होती. डिसेंबर २०२० मध्ये फेल्डाने उरलेले शेअर परत घेण्याची तयारी दाखवली तेव्हा देऊ केलेला भाव होता १.३० रिंगिट. सामान्य मलेशियन कुटुंबांनी, त्यात फेल्डाच्याच वसाहतींतल्या शेतकऱ्यांनी, हे शेअर घेतले होते, म्हणून हे उदाहरण जास्त बोचते. २०२१-२२ ची विक्रमी तेजीसुद्धा त्या शेअरला ४.५५ वर परत नेऊ शकली नाही.

एक कल्पित कंपनी, तीन वर्षे

आता पाटीवर गणित मांडू. कंपनी कल्पित आहे, आकडे समजायला सोपे ठेवले आहेत.

समजा कंपनीकडे फळ देणारे १०,००० हेक्टर आहेत. हेक्टरी १८ टन घड, म्हणजे १,८०,००० टन. साखर कारखान्यात जसा उसाचा उतारा बघतात, तसा इथे तेलाचा उतारा बघायचा. तो सुमारे २० टक्के असतो, म्हणून ३६,००० टन तेल. (मलेशियाची सरासरी हेक्टरी १५ ते १७ टन घडांच्या दरम्यान असते, म्हणजे आपली कंपनी सरासरीपेक्षा थोडी बरी.) फळाच्या गरातून पामतेल निघते आणि आतल्या बीपासून वेगळे तेल. त्या बियांचे पैसे वजा करून एक टन पामतेलाचा खर्च २,५०० रिंगिट धरू.

नेहमीच्या वर्षी भाव ४,००० रिंगिट. टनामागे १,५०० उरले, एकूण ५.४ कोटी. मलेशियात कंपनीकर २४ टक्के, तो गेल्यावर ४.१ कोटी. बाजारात सर्व शेअर मिळून कंपनीची किंमत ६० कोटी रिंगिट आहे असे समजा. मग किंमत भागिले नफा, म्हणजे ज्याला पीई म्हणतात, तो साधारण १४.६.

तुटवड्याच्या वर्षी भाव ५,५०० झाला. पण मजूर कमी, म्हणून तेल १० टक्के घटून ३२,४०० टन. खत महागले, आणि तोच खर्च कमी टनांवर वाटला गेला, म्हणून टनाचा खर्च ३,०००. तरी टनामागे २,५०० उरले, एकूण ८.१ कोटी, कर जाऊन सुमारे ६.१५ कोटी. त्याच ६० कोटींवर पीई आला १० च्या खाली. टिप देणारा म्हणेल, "बघा, किती स्वस्त!"

मंदीच्या वर्षी भाव ३,०००. माल पुन्हा ३६,००० टन. पण वाढलेली मजुरी खाली येत नाही, म्हणून खर्च २,८०० वरच अडकला. टनामागे २०० उरले, एकूण ७२ लाख, कर जाऊन ५५ लाख. पीई ११० च्या आसपास. आता तोच टिपवाला म्हणेल, "फार महाग आहे, विकून टाका."

कंपनी एकच, किंमतही तीच ६० कोटी. पीई १० दिसला तेव्हा तिचा सर्वात चांगला काळ संपत आलेला होता आणि ११० दिसला तेव्हा सर्वात वाईट. ज्या धंद्याचा माल भावाच्या लाटेवर असतो, तिथे एका वर्षाच्या नफ्यावरचा पीई आपल्याला नेमक्या उलट्या दिशेला ढकलतो.

मग तुटवड्याची किंमत किती धरायची? नेहमीच्या वर्षापेक्षा तुटवड्याच्या वर्षी नफा किती जास्त होता? ६.१५ वजा ४.१, म्हणजे सुमारे २.०५ कोटी. तुटवडा दोन वर्षे टिकला तर ४.१ कोटी. ६० कोटींच्या कंपनीत हे झाले ७ टक्के. म्हणजे दोन वर्षांच्या तुटवड्यासाठी शेअर ७ टक्क्यांच्या आसपास वाढणे रास्त आहे. तो ४० टक्के वाढला असेल तर बाजाराने २४ कोटी जास्तीचे मोजले, आणि ते वसूल व्हायला असा तुटवडा ११-१२ वर्षे सलग चालायला हवा. माझ्या मते संपूर्ण विषयातली सर्वात कामाची गोष्ट हीच आहे. शेअर किती वाढला ते बघायचे, आणि तेवढ्यासाठी तुटवडा किती वर्षे टिकावा लागेल हे त्रैराशिकाने काढायचे. सातवी-आठवीतल्या मुलाला जमेल इतके हे सोपे आहे.

पण "नेहमीचा भाव" बदलला असेल तर?

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. वरच्या गणितात नेहमीचा भाव ४,००० धरला. तोच जर ४,५०० झाला आणि तिथेच राहिला तर? ३६,००० टनांवर ५०० जास्त म्हणजे १.८ कोटी, कर जाऊन १.३७ कोटी, आणि तेही दरवर्षी. त्याच १४.६ पटीने मोजले तर कंपनीचे मोल २० कोटींनी, म्हणजे ३३ टक्क्यांनी वाढते. भाव दोन वर्षे १,५०० ने चढला तर मोल ७ टक्के वाढते. कायमचा फक्त ५०० ने चढला तर ३३ टक्के. म्हणून सगळा प्रश्न येऊन थांबतो तो इथे : तुटवडा तात्पुरता आहे की मुक्कामाला आलेला?

मुक्कामाला आलेला आहे असे मानायला कारणे आहेत. मलेशियात पामखालचे क्षेत्र वाढणे थांबले आहे. २०१९ मध्ये सरकारने ६५ लाख हेक्टरची मर्यादा जाहीर केली, पण प्रत्यक्षातले क्षेत्र ६० लाखांच्या खालीच राहिले आहे. इंडोनेशियाने २०१८ मध्ये नव्या परवान्यांवर तीन वर्षांची बंदी घातली होती. तिथले सुमारे ४० टक्के क्षेत्र लहान शेतकऱ्यांच्या हातात आहे आणि तीन वर्षे उत्पन्नावर पाणी सोडून पुनर्लागवड करणे त्यांना परवडत नाही, त्यामुळे झाडे म्हातारी होत चालली आहेत. दुसरीकडे इंडोनेशिया स्वतःचेच तेल डिझेलमध्ये मिसळतो आहे. २०२० मध्ये ३० टक्के, २०२३ मध्ये ३५ आणि २०२५ पासून ४० टक्के. तेवढे तेल जगाच्या बाजारात येणारच नाही.

आकडेही काही सांगतात. मलेशियातला वर्षाचा सरासरी भाव २०२२ मध्ये ५,०९० च्या आसपास होता, २०२३ मध्ये ३,८०० आणि २०२४ मध्ये ४,१८०. उच्चांकावरून तो पडला खरा, पण २०१५ ते २०१९ च्या पातळीवर परत गेला नाही.

तरी सावधगिरी हवीच. पामतेल महाग झाले की गिऱ्हाईक सोयाबीन आणि सूर्यफुलाकडे वळते. भारतातले व्यापारी यात फार तरबेज आहेत, दोन तेलांतला फरक बघून ते महिन्याभरात मागणी फिरवतात. आपले सरकारही हात घालते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पामतेलावरचे एकूण आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के केले आणि मे २०२५ अखेर ते १६.५ टक्क्यांवर आणले. म्हणून नेहमीचा भाव ठरवताना एकच आकडा धरू नये. तीन धरावेत, एक कंजूस, एक मधला, एक उदार. कंजूस भावातही कंपनी कर्जाचे हप्ते फेडू शकते का, हे आधी बघावे.

हेक्टरचा भाव

नफ्याचा असा लपंडाव असल्यामुळे या धंद्यातले लोक दुसरे एक माप वापरतात : लागवडीच्या एका हेक्टरची किंमत. आपल्या कल्पित कंपनीचे शेअर ६० कोटींचे. वर १० कोटींचे कर्ज समजा. कर्जासकट किंमत ७० कोटी, भागिले १०,००० हेक्टर, म्हणजे हेक्टरी ७०,००० रिंगिट. मग शेजारच्या भागात एखादी बाग प्रत्यक्ष विकली गेली ती काय भावाने, याच्याशी तुलना करायची. आपण फ्लॅट घेताना चौरस फुटाचा दर विचारतो, तसेच. कर्ज मिळवायला मात्र विसरू नये. पुष्कळ जण नुसता शेअरचा भाव हेक्टरने भागतात आणि कर्जबाजारी कंपनीला स्वस्त समजतात.

पण फ्लॅटसारखेच, हेक्टर-हेक्टरमध्ये फरक असतो. झाडे भरातली की म्हातारी? जमीन मालकीची, की ९९ किंवा ६० वर्षांच्या पट्ट्यावरची, आणि पट्टा किती उरला? इंडोनेशियात परक्या किंवा देशी कंपनीला जमीन वहिवाटीच्या हक्काने मिळते, आधी ३५ वर्षांपर्यंत, पुढे मुदतवाढ. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने जंगल क्षेत्रात असल्याचे सांगून लाखो हेक्टर पाम बागा ताब्यात घेतल्या आणि एका सरकारी कंपनीकडे सोपवल्या. ज्या हेक्टरांचे कागद पक्के नाहीत ते हिशोबात शून्य धरावेत, हे जुने शहाणपण त्या वर्षी पुन्हा पटले. याच्या उलट, सेलंगोर किंवा जोहोरमध्ये वाढत्या शहराच्या कडेला असलेल्या जुन्या बागेची किंमत घरे-कारखान्यांच्या जमिनीच्या दराने होते, तेलाचा तिथे फारसा संबंध उरत नाही.

ताळेबंदातल्या जमिनीच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. पन्नास-साठ वर्षांपूर्वी घेतलेली जमीन अनेकदा जुन्याच किमतीने लिहिलेली असते. झाडांचे नियमही बदलले आहेत. २०१६ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय हिशोब नियमानुसार फळ देणारी झाडे यंत्रासारखी धरतात, म्हणजे लागवडीचा खर्च आणि दरवर्षी घसारा. झाडावर वाढत असलेले फळ मात्र चालू बाजारभावाने मोजतात. त्यामुळे भाव चढलेल्या तिमाहीत, फळ विकले गेले नसतानाही, नफ्यात काही रक्कम येते आणि भाव उतरला की निघून जाते. ती वेगळी काढूनच नफा बघावा.

जाहीर भाव आणि हातात पडणारा भाव

वायदे बाजारातला भाव कंपनीला जसाच्या तसा मिळत नाही. मार्च २०२२ मध्ये इंडोनेशियाने लेव्ही आणि निर्यात शुल्क मिळून टनामागे ५०० डॉलरच्या वर वसुली लावली होती. जगात उच्चांकी भाव आणि कंपनीच्या हातात त्यातला दोन-तृतीयांशाच्या आसपास. मलेशियात जादा नफ्यावर वेगळी लेव्ही आहे. २०२२ पासून द्वीपकल्पात ३,००० रिंगिटच्या वरच्या भावावर ३ टक्के होती, पुढे २०२५ मध्ये ती मर्यादा ३,१५० केली. साबा आणि सारवाक या राज्यांत मर्यादा थोडी वरची, पण तिथे राज्याचा विक्रीकर वेगळा. काही कंपन्या माल आधीच पुढच्या महिन्यांसाठी ठरलेल्या भावाने विकून ठेवतात, त्यांना तेजीचा फायदा उशिरा मिळतो. म्हणून अहवालात "मिळालेला सरासरी भाव" शोधावा आणि तोच गणितात घ्यावा.

मजुरांचा प्रश्न फक्त खर्चापुरता नाही. २०२० मध्ये अमेरिकेने सक्तीच्या मजुरीच्या आरोपावरून एफजीव्ही आणि सिमे डार्बी प्लँटेशन या दोन मोठ्या कंपन्यांचा माल अडवला. सिमे डार्बीवरची बंदी फेब्रुवारी २०२३ मध्ये उठली (आता तिचे नाव एसडी गुथ्री आहे). मजुरांचे पासपोर्ट ठेवून घेणे, त्यांना भरतीच्या कर्जात अडकवणे, हे प्रश्न माणुसकीचे तर आहेतच, पण शेअरच्या मोलातही ते उतरतात. मलेशियातले किमान वेतन २०२२ च्या मे महिन्यात १,२०० वरून १,५०० रिंगिट आणि २०२५ च्या फेब्रुवारीत १,७०० झाले. मजुरी कमी ठेवून उभा केलेला नफा टिकणारा धरू नये.

भारतातले "पाम शेअर"

गोदरेज अॅग्रोव्हेट किंवा पतंजली फूड्स यांची नावे या संदर्भात येतात. त्यांना वरची हेक्टरची मोजणी लावू नये. आपल्याकडे पामची लागवड मुख्यतः आंध्र प्रदेश आणि तेलंगणात आहे आणि झाडे शेतकऱ्यांची आहेत. कंपनीला ठरावीक भाग नेमून दिलेला असतो, ती रोपे पुरवते, घड विकत घेते आणि तेल काढते. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने ११,०४० कोटी रुपयांचे पाम अभियान मंजूर केले. त्यात शेतकऱ्यासाठी हमीसारखा भाव ठरवण्याची रीत आहे : मागच्या पाच वर्षांच्या सरासरी तेलभावाचे, महागाईचा हिशोब धरून, १४.३ टक्के. म्हणजे तेलाचा भाव वाढला की घडाचाही वाढतो आणि तेजीचा मोठा वाटा शेतकऱ्याकडे जातो, जे योग्यच आहे. इथे कंपनीचे मोल गिरणी किती टन गाळते आणि टनामागे तिला काय उरते यावर ठरते. शिवाय या कंपन्यांचे पशुखाद्य, दूध, सोयातेल असे बाकीचे धंदेही असतात, त्यामुळे पामतेलाच्या बातमीने त्यांचा शेअर हलला तर त्यात पामचा वाटा किती, हे आधी तपासावे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांचा आणखी एक प्रश्न असतो, हे शेअर शरीयतला धरून आहेत का? मलेशियात त्याचे उत्तर शोधणे सोपे आहे. तिथल्या सिक्युरिटीज कमिशनची शरीया सल्लागार समिती वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी, यादी प्रसिद्ध करते. धंदा कोणता हे तर ती बघतेच, पण व्याजी कर्ज आणि व्याजी खात्यातली रोकड ही दोन्ही एकूण मालमत्तेच्या ३३ टक्क्यांच्या आत आहेत का, हेही तपासते. बऱ्याच पाम कंपन्या या यादीत असतात. मात्र ही यादी शेअर जायज आहे एवढेच सांगते. तो महाग की स्वस्त, याच्याशी तिचा संबंध नाही. एजंट लोक या दोन गोष्टी एका दमात सांगतात, म्हणून हे लिहिले.

ज्यांना आकडे स्वतः बघायचे आहेत त्यांच्यासाठी : मलेशियन पाम ऑइल बोर्ड दर महिन्याच्या १० तारखेच्या सुमारास आधीच्या महिन्याचे उत्पादन, निर्यात आणि शिल्लक साठा जाहीर करते. क्वालालंपूरच्या बाजारातल्या बऱ्याच पाम कंपन्या आपले महिन्याचे घडांचे उत्पादन वेगळे कळवतात. देशाचे उत्पादन घटले आणि आपल्या कंपनीचे वाढले, असे सलग काही महिने दिसले, तर तुटवड्याचा फायदा तिला मिळतो आहे. दोन्ही एकदम घटत असतील, तर वरचे पहिले गणित पुन्हा करून बघा.